गोलकीपरच्या बदली

कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीची एक सोय आहे. कितीही गाढ झोप लागली तरी उतरायचं स्टेशन चुकत नाही, कारण त्याच्यापुढं ती गाडी जातच नाही. महाराष्ट्राच्या एका टोकाला चढायचं आणि दुसरं टोक आलं की उतरायचं. मधल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की माझ्या डब्यातल्या भाकरी संपल्या तेव्हा निम्मा विदर्भ शिल्लक होता.

दिवाळी आटोपून मी निघाले ती काही बघायला नव्हे, आणायला. माझी मुलगी अश्विनी या पावसाळ्यात गोंदियाजवळच्या एका कॉलेजात फुटबॉलची मुख्य कोच म्हणून लागली. टीम मुलांची, नोकरी वर्षाच्या करारावरची. संस्थेच्या अध्यक्षांनी नेमतानाच तिला सांगितलं होतं, की आपली टीम विद्यापीठाच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच मॅचला हरून येते. यंदा एक तरी मॅच जिंकून दाखवा, तर पुढं फुटबॉल चालू ठेवू, नाहीतर बंद. हे ऐकल्यावर माझ्याही मनानं उचल खाल्ली. कोल्हापुरात एका शाळेत खेळाच्या बाईंची जागा रिकामी होणार होती, घरापासून चालत जाण्यासारखी. मी फोनवर अश्विनीकडून कबूल करून घेतलं: मॅच जिंकलीस तर राहा तिकडं, हरलीस तर माझ्याबरोबर परत यायचं. ती हो म्हणाली. मी लगेच, स्पर्धा उरकेल अशा बेतानं, परतीची दोन तिकिटं काढून ठेवली.

इथं थोडं घरचं सांगायला हवं. आमच्या पेठेत फुटबॉल हा खेळ नाही, सोयरसुतक आहे. हंगामात माणसं दोनच जातींची असतात, आपली आणि समोरची. आमचे हे पेठेच्या टीमचं सगळं बघायचे. म्हणजे मॅचनंतर टीमला जेवायला कोण घालणार हे ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं आणि दरवेळी माझंच नाव निघायचं. अश्विनी जन्मली त्या दिवशी हे फायनल बघायला गेले होते. तिथं हरून दवाखान्यात आले आणि तोंड पाडून बसले. मुलगी झाली म्हणून बसलेत असं वाटून सासूबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. तेव्हा फुटबॉलनं माझं कधी काही भलं केलं नव्हतं, आणि माझ्या एकुलत्या एका मुलीला त्यानं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकलं, हे मला पटलेलं नव्हतं.

मुर्री

अश्विनीची खोली मुर्रीत होती. हे गाव म्हणायचं तर गोंदियाला चिकटलेलं आहे आणि शहर म्हणायचं तर घरामागं धानाची रास आहे. रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलला, मी त्याच्याशी मराठीत बोलले, आणि दोघांपैकी कोणालाच काही अडचण आली नाही. गोंदियात सगळे असंच करतात. भाजीवाली वांगी मराठीत मोजते आणि भाव हिंदीत सांगते.

सकाळी नाश्त्याला पोहे आले आणि पोह्यांवर लाल तर्री. कोल्हापुरात आपण तर्री मिसळीला राखून ठेवतो, पोह्यांना तेवढा मान देत नाही. चव घेतल्यावर वाटलं, देत नाही ते चुकतंच. पण मी तसं बोलून दाखवलं नाही. परत न्यायला आलेल्या माणसानं कशाचं कौतुक करू नये.

अश्विनी वाळली होती. मी ते पहिल्या मिनिटालाच म्हटलं. ती म्हणाली, "वजन तेवढंच आहे, आई." मी म्हटलं, तेच तर म्हणतेय.

टीमची ओळख संध्याकाळी झाली. एकूण खेळाडू बारा. त्यांतले अकरा कुठंही खेळायला तयार आणि गोलकीपर मात्र एकच, टेकचंद. अंगानं उंच, हात लांब, बोलणं जवळजवळ नाहीच. आधीचे कोच भूगोलाचे सर होते. त्यांची पद्धत अशी, की चेंडू मैदानात टाकायचा आणि चहा प्यायला जायचं. त्यामुळं मुलं खेळायला शिकली होती, पण हरली का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अश्विनीनं आल्यावर दोन नियम केले: वेळेवर यायचं आणि बूट घालून यायचं. वेळ पाळली गेली. बूटही आले, पण गळ्यात. नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवायचे आणि खेळायचं अनवाणी. टेकचंदला मी कारण विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "बुटात पाय कुठं हाये तेच समजत नाही जी."

बांधी

कॉलेजला मैदान होतं. म्हणजे पावसाळ्यात होतं. मी बघितलं तेव्हा तिथं धानाच्या पोत्यांची थप्पी लागली होती, दोन मजली घराएवढी, वर ताडपत्री. दिवाळीनंतर धानाची खरेदी सुरू होते आणि पोती ठेवायला जागा पुरत नाही, मग मिळेल त्या मोकळ्या जागेवर ती रचतात. हे दरवर्षीचं होतं. अश्विनी सोडून सगळ्यांना माहीत होतं. ती गोलपोस्ट शोधत गेली तेव्हा एक सापडला, दुसरा थप्पीच्या आत होता.

तेव्हापासून सराव बांधीत. बांधी म्हणजे धानाचं वावर. एका वावराचे लहान लहान तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला गुडघ्याएवढा मातीचा धुरा, पाणी अडवायला. धान कापून झालं की खाली नुसती खुंटं राहतात. खुंटांमुळं बूट अखेर गळ्यातून पायात आले. जे काम अश्विनीच्या नियमानं झालं नाही ते खुंटांनी केलं.

आता फुटबॉलचं मैदान एका बांधीत मावत नाही, त्याला चार बांध्या लागतात. त्यामुळं मुलं चेंडू घेऊन पळायची आणि धुरा आला की चेंडू वर उचलायची, आपण उडी मारायची आणि पलीकडं पुन्हा चेंडू गाठायची. मी धुऱ्यावर छत्री घेऊन बसायचे. हे रोज फोनवर विचारायचे, पोरं कशी खेळतात. मी म्हणायचे, बेडकासारखी. त्यावर यांनी कागदावर खेळाची आखणी काढून मला तिचा फोटो पाठवला. त्यात अकरा गोल आणि बरेच बाण होते. मी तो अश्विनीला दाखवला. ती म्हणाली, बाबांना सांग, यात धुरे कुठं आहेत ते दाखवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी बघून ठेवली. अश्विनी मैदानावर ओरडत नाही. आमच्याकडं कोचचा आवाज पार रंकाळ्यापर्यंत जातो. ही एकेका पोराजवळ जाते, हळू काहीतरी सांगते, आणि ते पोरगं मान हलवून तसं करतं. सराव संपला की चहा आधी सगळ्यांना, मग हिला. कधी उरायचा, कधी नाही.

कोहमारा

देवरीच्या बाजूला एक सरावाची मॅच होती, ती हरलो. किती गोलांनी ते सांगत नाही. समोरच्यांनी शेवटी मोजणं सोडून दिलं होतं. मला बरं वाटलं हे लपवत नाही. येताना जीप कोहमाऱ्याला थांबली. हा हमरस्त्यावरचा नाका, सगळीकडं ढाबे आणि ट्रक. आमच्या पेठेत मॅच हरली तर चूल पेटत नाही, निदान पुरुषांच्या वाट्याची तरी. इथं ही पोरं बाजेवर मांडी घालून बसली आणि अंड्याच्या भाजीत मीठ कमी आहे की जास्त, यावर त्यांच्यात दोन तट पडले. टेकचंदनं एकदाच मॅचचा विषय काढला. "तिसरा गोल माया नोता," तो म्हणाला आणि पुन्हा भाताकडं वळला.

तिथंच अश्विनीला फोन आला. विद्यापीठाच्या मॅचसाठी आयोजकांनी तिला दोन तारखा दिल्या होत्या आणि तिनं कॅलेंडर बघून, सुटी नाही, सण नाही असा आठवड्यानंतरचा एक दिवस निवडला होता. तो पक्का झाला. तिनं मुलांना सांगितलं. मुलं जेवत राहिली. टेकचंदनं हात धुतला, परत आला आणि म्हणाला, "त्या दिवशी माझं जमत नाही, मॅडम. आमच्या गावची मंडई हाये."

या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. बाजार, जत्रा, दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरी पाहुणे. आज या गावची, उद्या त्या गावची. कोणत्या गावची कधी हे कुठल्याही कॅलेंडरात छापलेलं नसतं, आणि लहान पोरालाही पाठ असतं. अश्विनीनं विचारलं, मी दोन दिवसांपूर्वी तुम्हा सगळ्यांसमोर तारीख ठरवत होते, तेव्हा का नाही बोललास? टेकचंदला प्रश्नच समजला नाही.

"तुमी विचारलंच नाही, त कायले सांगू?"

आयोजकांना फोन झाला. दुसरी तारीख दुसऱ्या कॉलेजनं घेतली होती. जीपमध्ये अश्विनी माझ्याशेजारी बसली होती. बोलण्यासारखं माझ्याकडं जे होतं ते तिला आवडलं नसतं.

चोरखमारा

टेकचंदचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पलीकडं आहे. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. तलाव मोठा, पाणी निवांत, त्याच्या कालव्यावर आसपासचं सगळं धान पिकतं. कडेच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि एक माणूस हवा भरलेल्या ट्यूबवर पोटावर पडून शिंगाडे काढत होता. मला रंकाळ्याची आठवण आली. पण रंकाळ्याच्या काठाला भेळ मिळते, पाण्यातून काही खायला निघत नाही.

घर पोवारांचं, शेतीवाडीचं. आपसात ते पोवारी बोलतात, आमच्याशी मराठीत बोलले. अंगणात धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची रास, रचलेलं, त्याच्यापाशी खाटेवर आजोबा. त्यांनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं, "आमी इथले नोहे. आमी मालव्याचे." मी विचारलं, कधी आलात? आजोबा म्हणाले, "बम वरसं झाली. माझ्या आजाच्या आजालेबी आठवत नोतं." पण सांगण्याचा सूर असा, की सामान अजून सोडायचं बाकी आहे. मला तो माणूस आवडला. माझी मुलगी चार महिन्यांत इथली झाली होती आणि आजोबा अजून विचार करत होते.

टेकचंदच्या आईनं उकडलेले शिंगाडे पुढं ठेवले आणि प्रकरण काय ते सांगितलं. टेकचंदची थोरली बहीण गेल्या उन्हाळ्यात गोरेगावकडं दिलेली. लग्नानंतरची तिची ही पहिली मंडई. जावई येणार, व्याही येणार, त्यांच्याकडची आणखी माणसं येणार. आणि त्या घरची रीत अशी, की पहिल्या मंडईला जावयाच्या पंगतीत मुलीच्या भावानं वाढायचं. भाऊ घरी नसला तरी जावई जेवतो, पण ते जेवण धरत नाहीत. बाई शांतपणे सांगत होत्या. विनवणी नव्हती, तक्रारही नव्हती. टेकचंद दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

मला वाटलं, आता अश्विनी गळ घालणार. तिचा बाप असता तर त्यानं आजोबांचे पाय धरले असते. ती म्हणाली, "मी टेकचंदला ये म्हणणार नाही. बहिणीची पहिली मंडई आहे. तारीख मी घेतली, चूक माझी आहे."

आजोबांनी विचारलं, "मंग गोलात कोन?"

"बघू. कोणाला तरी उभं करू."

मग तिनं एक शिंगाडा सोलला, खाल्ला आणि टेकचंदच्या आईला म्हणाली, "किती गोड आहेत हो. आमच्याकडं असे मिळतच नाहीत."

इथं माझं बिनसलं. पेठेतली पोरं लहानपणी तिला खेळायला घेत नसत. तू गोलच्या मागं थांब म्हणायची, ती थांबायची, आणि घरी येऊन म्हणायची, आई, भाजी छान झालीय आज. मला त्या भाज्या आठवतात. एकही बरी नव्हती. माझ्या पोरीनं खाण्याचं कौतुक केलं, की मला कळतं आत काय झालंय ते.

खरं तर माझं काम झालं होतं. गोलकीपर नाही म्हणजे मॅच हरणार, मॅच हरली म्हणजे दोन्ही तिकिटं वापरली जाणार. मला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. उलट राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात मी बोलून गेले.

"त्याच्या बदली मी वाढते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, अश्विनी सगळ्यांत जास्त. मी म्हटलं, तुमचा मुलगा माझ्या मुलीसाठी उभा राहील, मी तुमच्या मुलीसाठी उभी राहते. त्यात काय अवघड आहे.

टेकचंदच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाढता येते का तुमाले?"

मी तिला सांगितलं, की मी तीस वर्षं एका अख्ख्या फुटबॉल टीमला जेवू घातलंय, जिंकलेल्याही आणि हरलेल्याही, आणि हरलेल्यांना वाढणं जास्त कठीण असतं. ते तिला पटलेलं दिसलं. पण आजोबांना अडचण होती. वाढणारा घरचा पाहिजे, पाहुण्यानं पाहुण्याला वाढलं असं कोणी कुठं ऐकलंय? मग म्हणाले, "बाई आदल्या दिवशी राहाले येऊ दे. घरात निजली, पानी भरलं, का घरची झाली."

परतताना कालव्याच्या काठानं चालत होतो. अश्विनी म्हणाली, आई, तुला कळतंय ना तू काय केलंस? मी म्हटलं, टीममधलं एखादं बारकं पोरगं गोलात उभं केलं असतंस तर तुझ्या बापानं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. ती हसली. मी हसले नाही, कारण मला खरंच कळलेलं नव्हतं.

मंडई

आदल्या दिवशी मी त्या घरी गेले, विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणलं, त्यांच्यातच झोपले आणि घरची झाले. कागदपत्रं कोणी मागितली नाहीत.

सकाळी टेकचंद गळ्यात बूट अडकवून निघाला. जाताना त्यानं मला वाढण्याबद्दल समजावून सांगितलं. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडून एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती. जावयाला आधी वाढायचं. काय पाहिजे ते विचारायचं नाही, विचारलं की ते नाही म्हणतात. पानाजवळ थांबायचं, पण तोंडाकडं बघायचं नाही. मी त्याला म्हटलं, तूही चेंडूच्या बाबतीत तसंच कर, विचारू नको. तो म्हणाला, "होय जी," आणि गेला.

दुपारपर्यंत गावचं रूप बदललं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, उसाच्या मोळ्या, शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, पाळणे. दंडारीवाले ढोलकी घेऊन आले. पुरुषच साड्या नेसून नाचतात, आणि त्यातली एक इतकी ठसक्यात नाचली, की मी तिच्या साडीचं कौतुक करायला गेले. ती म्हणाली, बहिणीची आहे जी, परत द्यायची आहे. आमच्याकडं जत्रेत माणसं देवाला येतात. इथं देव आहे, पण माणसं माणसांना भेटायला येतात. लग्नंही जमतात इथं. मला दोघींनी विचारलं, मॅडमचं झालं का? मी म्हटलं, तिचं सध्या फुटबॉलशी चाललंय.

मॅच दुपारचीच होती. पंगतही दुपारची. अंगणात पानं मांडली. सुवाऱ्या, म्हणजे आपल्या पुऱ्या, उडदाचे बडे, वांग्याची भाजी, लाखोरीची डाळ आणि नव्या चिन्नोर तांदळाचा भात, ज्याचा वास वाड्याबाहेर रस्त्यापर्यंत गेला होता. जावई बसले, शेजारी व्याही बसले. मी पदर खोचून सुवाऱ्यांची टोपली उचलली. व्याह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा इकडंतिकडं.

"पोरीचा भाऊ कुठं हाये?"

टेकचंदची बहीण दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता. आता माझ्यापायी या पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागणार, असं मनात आलं आणि पहिल्यांदा भीती वाटली. आजोबा खाटेवरून म्हणाले, "मॅच खेळाले गेला. त्याच्या बदली ह्या हायेत. कोल्हापूरवरून आल्या."

व्याह्यांनी विचार केला. "कोल्हापूर? ते थेट तिकडलं?"

"होय जी."

"इतक्या दुरून वाढाले आल्या?"

आजोबांनी खोटं सांगितलं नाही, खरंही सांगितलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. व्याह्यांनी शेजारच्या माणसाला कोपर मारलं. आजवर त्यांच्यात कोणाच्या पंगतीला एवढ्या लांबचं माणूस वाढायला आलं नव्हतं. ते पानावर सरसावून बसले आणि म्हणाले, "वाढा मंग." दाराआडची पोरगी आत पळाली. मी जावयाला सुवाऱ्या वाढल्या. विचारलं नाही.

त्या दुपारी मी पंगतीमागून पंगत वाढत होते आणि डोक्यात मॅच चालू होती. भात वाढताना वाटायचं आता चेंडू गोलापाशी असेल, डाळ वाढताना वाटायचं गेला. फोन आतल्या खोलीत कोनाड्यात, पण गावात रेंज नव्हती, त्यामुळं तो नुसता दिवा म्हणूनच चालत होता. देवाला काय मागावं तेही ठरेना. तीस वर्षं सगळी पेठ मैदानाच्या भिंतीवर जीव मुठीत धरून बसायची आणि मी त्यांना खुळी म्हणायचे. आता मैदानही समोर नव्हतं, आणि माझा जीव तसाच मुठीत होता.

उन्हं कलली तेव्हा टेकचंद दारात आला. बूट पायात होते. ते त्यानं आधी काढले, पाय धुतले, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन विचारलं, "जावई जेवले का जी?"

मी म्हटलं, जेवले. सुवारी तीनदा घेतली. तिकडं काय झालं?

"जिंकलो. बडे उरले का?"

बाकीचं मी त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढलं. वेळ संपेपर्यंत दोघांचेही गोल शून्य. आमची पोरं सपाट मैदानावरही सवयीनं मधेच चेंडू उचलायची आणि उडी मारायची, नसलेल्या धुऱ्यावरून. समोरच्यांना वाटलं ही काहीतरी चाल आहे, आणि ते त्या जागी जायलाच धजेनात. मग पेनल्टी झाल्या. शेवटची टेकचंदनं पायानं अडवली. "बुटात पाय कुठं हाये ते समजलं का मग?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही जी. चेंडूच पायावर आला."

त्याच्या मागून अश्विनी आली. कपाळापर्यंत धुळीनं माखलेली. बापाला फोन करून झाला असणार, कारण डोळे लाल होते, आणि यांच्याशी मॅचबद्दल बोललं की आमच्या घरात सगळ्यांचे होतात. ती अंगणात माझ्यापुढं उभी राहिली. मी तिच्यापुढं पान मांडलं आणि म्हटलं, "बस. वाढते."

ती जेवली. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तिनं कशाचंही कौतुक केलं नाही. मी पानाजवळ थांबले होते आणि तोंडाकडं बघायचं नसतं हे मला माहीत होतं, पण मी बघितलं.

आपणच आपल्या जाळ्यात चेंडू मारला, तर आमच्या पेठेत त्याला सेल्फ गोल म्हणतात. मारणाऱ्याला महिनाभर कोणी चहाला बोलवत नाही. इथं मला टेकचंदच्या आईनं हाताला धरून बसवलं, आणि टेकचंदनं टोपली घेऊन मला वाढलं. बाईंनी माझ्या कामाचा निकालही दिला. "बरोबर वाढलं. डाळ जराशी जास्त देता, पन चालते."

परतीची गाडी

अश्विनी स्टेशनवर पोचवायला येणार होती. पण जिंकल्यामुळं पुढची मॅच लागली होती, आणि त्या संध्याकाळी बांधीत सराव होता. मीच तिला नको म्हटलं. खोलीच्या दारातून ती निघाली तेव्हा तिच्या खांद्यावर चेंडूंची जाळी होती. धुरा ओलांडताना तिनं उडी मारली आणि वळून हात केला. ती दिसेनाशी झाल्यावर मी दाराची कडी लावली, उगीच पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली.

दुसरं तिकीट मी रद्द केलं नव्हतं. करायचं राहिलं असं यांना सांगितलं. गाडीत माझ्या समोरच्या बर्थवर मी टेकचंदच्या आईनं दिलेली चिन्नोर तांदळाची पिशवी ठेवली होती. गाडी सुटल्यावर टीसी आले. त्यांनी माझं नाव विचारलं, मग दुसरं नाव वाचलं आणि समोर बघितलं. तिथं तांदूळ होते.

"अश्विनी कोण?"

"माझी मुलगी."

"कुठायत?"

"सरावाला गेलीय. येणार नाही."

त्यांनी विचारलं, मग हा बर्थ दुसऱ्या कोणाला देऊ का?

"द्या," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.